बहुदेशी

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका निवासी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. मी जळगावजवळच्या असोद्याची, केळीच्या बागांत वाढलेली. तिकडचं काहीच माहीत नव्हतं. शाळेत एक मोठा हॉल होता. सकाळी त्यात परिपाठ व्हायचा, दुपारी आणि संध्याकाळी मुलं तिथेच जेवायची. दारावर पाटी होती, 'बहुउद्देशीय सभागृह'. पहिलीच्या मुलांना ते काही म्हणता यायचं नाही. ती म्हणायची बहुदेशी. हळूहळू सगळ्या शाळेचा तोच शब्द झाला. मुख्याध्यापकसुद्धा शिपायाला सांगायचे, बहुदेशी झाडून घे म्हणून.

मला त्या खोलीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. वर पत्रे होते आणि वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते थडथडत जायचे. स्टेजवरचे दोन-तीन पत्रे तर उचलल्यासारखे व्हायचे. मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं. त्यांनी वर दुरुस्तीची मागणी केली होती, पण माणूस काही आला नव्हता. परिपाठाला सगळी मुलं स्टेजसमोर रांगेत उभी असताना माझं लक्ष प्रार्थनेत नसायचं, वर असायचं. जेवताना मात्र मुलं भिंतींना पाठ लावून बसायची आणि वाढणाऱ्यांसाठी मधली जागा मोकळी राहायची. तेवढा वेळ मला जरा बरं वाटायचं.

तो दिवस एप्रिलमधला होता. मुख्याध्यापक शिपायाला घेऊन कामासाठी साक्रीला गेले होते. आणखी एक सर होते, ते सुट्टीवर होते. संध्याकाळचं जेवण लवकर काढलं होतं. स्वयंपाकीणबाई, मुलं त्यांना अक्का म्हणायची, भाताचं दुसरं पातेलं घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, डोंगराकडं लाल झालंय. मी दारातून पाहिलं. धुळीची भिंत मैदानाकडे येत होती. मी दार लोटलं आणि तेवढ्यात ती येऊन आदळली.

दिवे गेले. पत्र्यांचा आवाज एवढा झाला की माझंच बोलणं मला ऐकू येईना. मुलं ताटं टाकून उठली आणि दाराकडे धावली. दार एकच, तेही आत उघडणारं. पुढची मुलं दाराला चिकटली होती आणि मागची ढकलत होती. पलीकडे वर्गखोल्यांना स्लॅब होता, पण मध्ये सगळं मैदान. खिडकीतून मला दिसलं, कुठल्याशा गोठ्याचा पत्रा कागदासारखा फिरत मैदानातून गेला. बाहेर न्यायचं नाही, एवढं मला कळलं. आत काय करायचं ते कळेना. मी 'बसा, बसा' ओरडत होते, पण कोणी बसेना. एक मुलगी माझा पदर धरून विचारत होती, "बाई, पत्रा उडी जाई का?"

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. नाही म्हणून खोटं बोलता येईना.

मग तोंडातून जेवणाआधीचा श्लोक निघाला. ठरवून नाही, रोज त्या वेळी तोच म्हणायची सवय होती म्हणून. सूर भलताच वर गेला. जवळच्या चार मुली हात जोडून मांडी घालून बसल्या. मी त्यांना भिंतीकडे ढकललं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अक्कांनी मोठा आवाज लावला. दाराजवळची मुलं वळली, आपापल्या जागा शोधू लागली. रडत होती, पण भिंतीला पाठ लावून बसत होती, पंगतीला बसावं तशी. मी हातांनी खूण केली, डोकी गुडघ्यांत घाला. श्लोक किती वेळा झाला ते आठवत नाही.

मग स्टेजकडचा पत्रा सुटला. आधी किंकाळीसारखा आवाज, मग एकदम उजेड. त्याच्या मागोमाग आणखी दोन गेले. पत्र्यावर दाबाला ठेवलेले दगड धाडकन खाली आले, सकाळी जिथे पहिलीची रांग उभी असते नेमके तिथे. त्या भोकातून गारा आत पडू लागल्या. मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर तेव्हा मला मुलांपेक्षा माझ्या आईची आठवण आली.

वारा जसा आला तसाच गेला. मी मुलं मोजू लागले. आकडा चुकत होता. पुन्हा मोजली. पहिलीतली एक मुलगी नव्हती. त्या दगडांकडे बघायची माझी हिंमत होईना. अक्काच तिकडे गेल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांनी स्टेजच्या पायऱ्यांआड वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. भिंत आणि पायऱ्यांच्या खाचेत ती पोटाशी ताट धरून बसली होती. केसांत गारा होत्या. मी तिला ओढून घेतलं तर ती घाबरून म्हणाली, "मी भात सांडू दिधा नही, बाई."

तिला वाटलं, मी रागावणार आहे.

त्या संध्याकाळी मुलं वर्गात जेवली. त्यांनी भात परत परत मागून घेतला. मी नुसती वाढत राहिले. आईचा फोन आला, तिने विचारलं, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, सर्दी झाली आहे.

आता मी जळगावात शिकवते. इथेही जेवणाचा आणि सभेचा हॉल एकच आहे, वर भक्कम स्लॅब आहे. तरी वारा सुटला की मी मुलांना भिंतीकडे सरकून बसायला सांगते. का, असं कोणी विचारलं तर वाढायला जागा हवी म्हणते.