दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा

कुठलीही वस्तू घट्ट आवळून बसवू नये, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल आणि तो कुरुंद्यात राहतो. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. "लोखंडालाबी जीव असतो पाव्हणं, काहून गळा आवळायचा त्याचा?" असं म्हणत ते बोल्टला हलक्या हातानं फिरवत आणि बाजूला होत. त्यामुळे त्यांच्या घरात पंखा डुलायचा, नळ ठिबकायचा आणि सायकलचं हँडल एकीकडे नि चाक भलतीकडे जायचं. हळद पॉलिश करायचा ड्रम तर एकदा चालता चालता जागेवरून सुटला आणि गडगडत गोठ्याकडे निघाला. दाजी त्याच्यामागून सावकाश चालत गेले. "जाऊन जाऊन जाईल कुठं?" म्हणाले. तरी मेस्त्रीला बोलवायचं नाव नाही. परक्या हाताला आपल्या वस्तूची तकलीफ कळत नाही, हे त्यांचं ठाम मत.

अक्काच्या किडन्या गेल्या आणि डायलिसिससाठी तिला सारखं नांदेडला न्यावं लागू लागलं. एसटीच्या धक्क्यांनी ती परत येईपर्यंत अर्धी होऊन जाई. म्हणून दाजींनी पुण्याहून एक जुनी गाडी आणली. तिला एबीएस होतं. कितीही जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जखडू न देणारी ही सोय त्या वेळी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. "चाकाला आवळत न्हाई ही गाडी. आपल्या इचाराची हाय," असं दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. महिनाभरातच समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला तो जाईना. चाकाचं फिरणं मोजणारे सेन्सर खराब झाले होते. साधा ब्रेक लागतोच, हे दाजींनी परोपरीनं सांगितलं, पण अक्का हटून बसली. "जी गाडी सोताच भ्या दाखवून राहिली, तिच्यात मी बसायची न्हाई." सुजलेल्या पायांनी ती पुन्हा एसटी स्टँडवर जाऊन उभी राहू लागली. मला ते बघवत नसे.

दाजींनी नवे सेन्सर मागवले. दसऱ्याच्या दिवशी हळद वाळवायच्या ताडपत्रीवर पाने-पकडी मांडल्या, जॅक लावला, चाकं काढली. गंजून बसलेले जुने सेन्सर तेल सोडून, गोंजारून बाहेर काढले. अक्का अंगणात खुर्चीवर बसून होती. दसऱ्याला हत्यारं पुजायची, तर मग सेन्सरच का सोडायचे? तिनं नवे सेन्सर मागून घेतले, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि दाजींच्या हातात दिले. दाजींनी ते तसेच बसवले. दिवा काही गेला नाही. त्यांनी पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. दिवा तसाच, आणि अक्काच्या फेऱ्या एसटीनंच. दाजींचं अन्न तुटलं. शेवटी एका दुपारी एकेक सेन्सर उन्हात धरून पाहताना एकाच्या बुडाशी कुंकवात चिकटलेला तांदळाचा एक दाणा दिसला. तेवढ्यानं सेन्सर वर उचलला जाऊन चाकाचं फिरणं त्याला मोजता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी बोल्ट आवळला असता तर दाण्याचं पीठ झालं असतं. दाजींच्या हाताखाली तो अख्खा राहिला होता.

दाजींनी दाणा मुकाट्यानं खिशात टाकला, सेन्सर पुसून बसवला आणि अक्काला सांगितलं, "तार ढिली व्हती." दिवा गेला. अक्का पुढच्या सीटवर बसली, दिव्याच्या जागेकडे निरखून पाहिलं, "आता बराबर झालं," म्हणाली आणि नांदेडपर्यंत निवांत झोपली. दाजींनी गाडी इतकी हळू हाकली की बैलगाडीवाले वळून बघत होते.

पुढचा उन्हाळा काही तिनं पाहिला नाही. ती गेल्यावर कुरुंद्याला जायचं म्हटलं की माझा पाय जड व्हायचा. दसऱ्याला गेलो, तर गाडीतला दिवा पुन्हा लागलेला आणि दाजी त्याच ताडपत्रीवर नवा सेन्सर घेऊन बसलेले. त्यांनी बोटानं त्याला हळदकुंकू लावलं, एक अक्षता बरोबर बुडाशी चिकटवली आणि हलक्या हातानं बोल्ट फिरवला.

"दाजी, दिवा जायचा न्हाई अशानं," मी म्हणालो.

"न्हाई जायचा," हात पुसत ते म्हणाले. "पण नांदेडला आता कुणाला न्यायचंय?"

शिलंगणाला निघताना त्यांनी गाडी सुरू केली. दिवा लागलेलाच होता. मी पुढचं दार उघडलं, पुन्हा लावलं आणि मागे जाऊन बसलो.