शेंडा मारलेली झाडं

एउफेमिया पहिल्यांदा पामवर चढली ती बापाची जुनी विजार घालून, कमरेला सुतळी बांधून. तिचा बाप सातुर्निनो आमच्या एस्काम्ब्रायच्या डोंगरात पामचे घोस उतरवणारा म्हणून नावाजलेला होता. छातीच्या दुखण्याने तो खाटेला खिळला, तेव्हा खरं तर तिच्या थोरल्या भावाने, रामिरोने दोर हातात घ्यायचा. पण तो कमरेएवढ्या उंचीवर गेला नि खोडाला मिठी मारून ओरडायला लागला, "फिरतंय! सगळं फिरतंय!" त्याला खाली घेतलं. बापाने तोंड भिंतीकडे केलं. फेमिया त्या वर्षी खाली त्रिनिदाद गावात, मावशीकडे शिवणकाम शिकायला जाणार होती. कापड बेतण्याचा तिला भारी नाद. ते राहून गेलं.

रॉयल पामचं खोड गुळगुळीत, सिमेंटचा खांब ओतल्यासारखं. पाय रोवायला खाच नाही. एक दोरफास मांडीला, एक पायाला. एकावर भार टाकायचा, दुसरा वर सरकवायचा. वर हिरव्या देठापाशी पोचलं की घोस तोडून लांब दोराने खाली सोडायचा. खाली दोर धरायला रामिरो. घोसाची बारकी फळं डुकरांना. त्या फळांवर पोसलेल्या डुकराच्या चरबीची चव मक्याने येत नाही. झावळ्या छपराला. झावळीच्या बुडाला खोडाभोवती गुंडाळलेली चामड्यासारखी रुंद विरी असते. झावळी वाळून पडली की ती विरी भिजवून तिच्यात तंबाखूच्या पेंढ्या बांधायच्या. पडलेल्या झाडाच्या फळ्यांनी घराच्या भिंती. उभं झाड मात्र कुणी पाडत नाही. सरकारची मनाई आहे, आणि पाम पुन्हा फुटतही नाही. त्याला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं.

बाप गेल्यावरही दोघं तशीच राहिली. ती वर, तो खाली. जमीन वाटून घेतली नाही. सपाटीवर रामिरोचा तंबाखू, उतारावर पामची राई. माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता झाली, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. मी कितीदा म्हटलं, "कोमाद्रे, आता लग्न कर, दोर सोड." ती हसायची. "आणि रामिरोच्या डुकरांना काय चारू, तुझं डोकं? त्या बिचाऱ्याला खुर्चीवर उभं राहिलं तरी घाम फुटतो."

एका वर्षी रामिरोने तंबाखू सुकवायला मोठी कोठी बांधायचं मनात घेतलं. फळ्या हव्या होत्या. तो म्हणाला, "राईतली थोडी पाडू. परवानगीचं मी बघतो."

"पडलेलं घे, वीज पडून मेलेलं घे," फेमिया म्हणाली. "उभ्याला हात लावायचा नाही."

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

तिला वाटलं, विषय मिटला.

पुढे त्रिनिदादची मावशी आजारी पडली. फेमिया तिच्या उशाशी बसायला गेली आणि मावशीला माती देऊनच परतली. मी तिला आणायला रस्त्यापर्यंत गेले होते. ओढा ओलांडला आणि ती थबकली. समोर राई होती, हिरवीगार. मला काही वेगळं दिसेना.

"कोमाद्रे, सुरळ्या बघ."

पामच्या मधोमध नवी झावळी मिटलेल्या सुरळीसारखी सरळ आभाळात उभी असते. एकाही झाडाची ती उभी नव्हती. तपकिरी होऊन मान टाकली होती सगळ्यांनी. खालच्या झावळ्यांना अजून काही कळलेलंच नव्हतं.

तिने गाठोडं माझ्या हातात दिलं, घरातून दोर आणला आणि चढली. खाली आली ती सांगतच. "हिरव्या देठात सुरा खुपसलाय. पार गाभ्यापर्यंत. वीज नाही, कीड नाही. माणूस चढलाय."

घरी आम्हा दोघींसाठी जेवण तयार होतं. भाजलेलं डुक्कर, उकडलेले युकाचे कंद, काळ्या घेवड्याचा भात. एरवी बहिणीला पाणी न विचारणारा रामिरो तिच्या ताटात स्वतः वाढत होता.

"राईला काय झालं?" तिने विचारलं.

"वीज गं. अशा विजा, विचारू नकोस. वनखात्याच्या माणसाला बोलावलंय. मेलेलीच झाडं, फळ्या तरी होतील."

तो बाकावर एका बाजूला कलून बसला होता. त्याची बायको सेनाइदा भोळी. ती पटकन बोलून गेली, "अहो, नीट टेका ना. मांडीला परत चरबी लावू का? किती दिवस झाले, सोलवटलेलं भरतच नाहीये."

मांडीचा दोरफास सवय नसलेल्याला आतून सोलून काढतो. हे त्या टेबलावर सेनाइदा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

फेमियाने काटा खाली ठेवला. "तू चढलास."

रामिरोने ताट जवळ ओढलं.

"तुला चक्कर येते ना?"

त्याने भात चिवडला. मग वैतागून म्हणाला, "लहान होतो मी. भीती वाटली. एकदा चक्कर म्हटलं, मग तेच म्हणत राहिलो. आणि तुला तर वर आवडायचं!"

"कुणी सांगितलं?"

"कधी तक्रार नाही केलीस!"

"तुला चक्कर येत होती," ती म्हणाली. "आजारी माणसापुढे काय तक्रार करायची?"

ती उठली. मी मागे गेले. माझ्या अंगणात दगडावर बसून ती रडली. झाडांसाठी रडत असेल म्हणून मी पाठीवरून हात फिरवला, तर म्हणाली, "झाडं सोड गं. तो खाली दोर धरून उभा असायचा, आणि वरून मला त्याची दया यायची. इतकी वर्षं."

वनखात्याचा माणूस आला तेव्हा रामिरोने विजेची गोष्ट सांगितली. फेमिया पुढे झाली. "वीज पडली नाही. माझ्या भावाने मारलीत." परवानगी मिळाली नाही. वर रामिरोला दंड झाला.

तो आमच्या सगळ्यांदेखत ओरडला, "सख्ख्या भावाला उघडं पाडलंस! लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "तुमची."

तेव्हापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणते. गाडीवाल्याला, परक्या पाहुण्याला म्हणावं तसं. घरही वेगळं केलं. राईतल्या झावळ्या एकेक करून गळल्या, बोडके खांब उरले. सुतारपक्ष्यांनी त्यांना भोकं पाडली, त्यात पोपटांनी पिल्लं काढली. रामिरोने पत्र्याची कोठी बांधली. ती उन्हात तापते आणि तंबाखू करपतो.

फेमिया पुढे ओढ्यापलीकडच्यांचे घोस उतरवू लागली. खाली दोर धरायला ती कुणाला घेत नसे. घोस खाली सोडायचा, स्वतः उतरून सोडवायचा, परत चढायचं. लोक हसायचे. मीही एकदा म्हटलं, "अगं, मी धरते की!" ती म्हणाली, "नको, कोमाद्रे. तुझ्यावर राग नाही."

आता गुडघे गेलेत तिचे. त्रिनिदादच्या मावशीचं शिवणयंत्र तिच्याकडे आलंय. पण बोटं दोराने इतकी राठ झालीत की सुईत दोरा ओवायला मला बोलावते. मागच्या रविवारी रामिरो काठी टेकत आला आणि कुंपणापाशी उभा राहिला. म्हातारा झालाय तोही.

"फेमिया, एक सदरा शिवून देशील?"

तिने यंत्र थांबवलं नाही. "तुमचं माप माझ्याकडे नाही," म्हणाली.