अबेनीचा झरा

बोलान्लेचा हात शिलाईत जितका सफाईदार, तितकीच तिची जीभ तिखट. नायजेरियातली ही योरुबा जमातीची बाई आखातातल्या वादी अदाई या वस्तीत एका टेलरिंगच्या दुकानात दापोलीच्या कुलसुमशेजारी बसून बायकांचे पायघोळ अबाये शिवते.

परवा त्याच शहरातल्या अल हैल भागात तिच्या गावची मंडळी गावाचा दिवस साजरा करायला जमली होती. गावकऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन गावाची कथा सांगितली, की एक शूर शिकारी हत्तीमागे धावत झऱ्यापाशी आला आणि त्यानं तिथं गाव वसवलं. बोलान्लेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजीच्या कथेत त्या झऱ्यापाशी अबेनी नावाची कुंभारीण आधीपासूनच राहत होती, आणि बोलान्ले तिच्याच घराण्यातली.

ती ताडकन उठली. "तहानेनं मरत होता तुमचा शिकारी! पाणी कुणी पाजलं त्याला? जागा कुणी दिली?"

"बाई, बसा," अध्यक्ष हसले. "दंतकथेवरून कसलं भांडता?"

"दंतकथाच ना? मग तिच्यात एक बाई मावत नाही तुम्हाला?"

त्यांनी माइक बंद केला, तरी तिनं खड्या आवाजात अबेनीची सगळी कथा सांगितली. स्वयंपाकातल्या बाया हातातले झारे तसेच घेऊन ऐकायला बाहेर आल्या. पुरुष मात्र जेवण वाढून घेऊ लागले. बोलान्ले न जेवताच निघाली.

दुसऱ्या दिवशी मशीन दणादणा चालवत तिनं हे सगळं कुलसुमला सांगितलं.

"खलास झालं ना? आता राग गिळ, बाय," कुलसुम म्हणाली.

"आजीनं गिळला, आईनं गिळला," बोलान्लेनं दातांनी दोरा तोडला. "मी नाही गिळणार."