पवनेच्या वाळूतलं सोनं

आमच्या गावात सोनं सापडलं होतं असं मी म्हटलं की नातवंडं हसतात. भूगोल शिकलेली आहेत ना! "आजी, आपल्याकडच्या काळ्या दगडात सोनं नसतं," म्हणतात. नसतंच. ते त्या गोऱ्या साहेबालाही ठाऊक होतं. तरी सापडलं, आणि माझ्या या हातांना सापडलं. म्हातारपणी माणूस सगळं विसरतं म्हणतात, ते साफ खोटं आहे.

साल नक्की सांगता यायचं नाही, पण पन्नास उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर पहिला मोठा कारखाना उभा राहत होता आणि ताथवड्याच्या पुढे, पवनेकाठच्या आमच्या गावात अजून कंदील होते. मी सतरा वर्षांची होते. मार्गशीर्षात आई गेली, म्हणून माझं ठरत आलेलं लग्न लांबलं होतं. घरात आबा, मी आणि आबांची गावातच दिलेली विधवा बहीण, माझी आत्या. आत्याची जीभ विळ्यासारखी चालायची, पण आई गेल्यावर तिनेच मला जेवायला घातलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या तोंडात तुळशीपान आणि गुंजभर सोनं ठेवायची रीत. गरिबाच्या घरात सोनं ते किती, पण तेवढं बाईमाणूस कनवटीला राखून ठेवायचंच. आईच्या डोरल्यातला एक मणी आबांनी काढून माझ्या हातात दिला आणि मी तो तिच्या तोंडात ठेवला. तिसऱ्या दिवशी राख सावडली, नदीत सोडली. नदीत सोडलेलं पुढे जातं, यावर आमचा विश्वास दगडावरच्या रेघेसारखा. पवना मुळेला मिळते, मुळा भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. आई पोचली, असं आबा म्हणाले आणि मी ते मानलं. माझं सगळं दुःख त्या एका वाक्यावर टेकून उभं होतं.

शिमगा झाला आणि सोन्याच्या एका परदेशी कंपनीची मोटार आली. दक्षिणेत कुठे तरी त्यांची खाण आहे म्हणे. कंपनीचा हुकूम म्हणून सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या तपासत ते चालले होते आणि कुठेच काही मिळालं नव्हतं. एक उंच साहेब, पुण्याहून बरोबर घेतलेला एक कारकून आणि दोन तंबू. गावाने त्यांना काय काय दिलं! दूध दिलं, अंडी दिली, आत्याने वाळूतल्या वाडीतल्या काकड्या दिल्या. नदीच्या वळणावर, जिथे वाळू साचते, तिथे त्यांना तंबू ठोकायला जागाही गावानेच दाखवली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

साहेब उथळ लोखंडी परात घेऊन पाण्यात बसायचा आणि वाळू गोल फिरवायचा. आम्ही बायका काठावर धुणी धुताना बघायचो. आत्याला राहवेना.

"आरं, ह्याला रोळता बी येईना! तांदळाचं खडं काढतो आमी, ते काय येगळं हाय?"

तिने सरळ त्याच्या हातातली परात घेतली. तांदूळ रोळायचे म्हणजे पाण्यात हेलकावा असा द्यायचा की हलकं ते वरून निघून जावं आणि जड ते तळाला बसावं. आमच्यातल्या प्रत्येकीचा हात लहानपणापासून त्यात मुरलेला. आत्याने चार हेलकावे दिले, तळाशी काळी रेती उरली आणि त्या रेतीत राजगिऱ्याएवढा एक पिवळा कण चमकला. साहेब गुडघ्यांवर बसला. त्याने कण दाताने दाबून पाहिला, आणि त्याचा चेहरा असा झाला की आम्ही सगळ्या हसलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा आठ बायकांना रोजावर घेतलं. कारकून समजावून सांगायचा, "सोनं सगळ्यात जड. पाणी हलकं घेऊन जातं, सोनं आहे तिथेच राहतं." आम्ही माना डोलावल्या. हे वाक्य मी आठ दिवस रोज ऐकलं आणि माझ्या टाळक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

गावाच्या चालीत ऐट आली. काठावर लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्या. वाड्या उकरल्या, आत्याचे काकडीचे वेल मुळासकट निघाले, तरी ती म्हणाली, "जाऊ द्या, सोन्याच्या काकड्या लावू." तिसऱ्या दिवशी माझ्या परातीत मुगाएवढा गोळा निघाला. असा मोठा तोवर कुणाला मिळाला नव्हता. साहेबाने टाळ्या वाजवल्या आणि मला बिस्किटांचा डबा दिला. मी ती बिस्किटं घरी नेली, आबांना दिली, आत्याला दिली, स्वतः खाल्ली. गोड लागली, हेही सांगायला हवं. लपवून काय करू?

आठव्या दिवशी ऊन चढलं होतं. आत्या माझ्या शेजारी परात फिरवत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. एकाएकी ती गप्प झाली. आत्या गप्प झाली म्हणून मी वळले. तिच्या तळहातावर एक गोल दाणा होता. एका बाजूने वितळून चपटा झालेला, पण दुसऱ्या बाजूला स्वच्छ, आरपार भोक.

"ह्याला भोक कुनी पाडलं गं?" ती म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. मग आत्याने मान वर केली आणि नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. चारशे पावलांवर आमचा मसणवटा होता. तिने तिथे नवरा जाळला होता. मी चार महिन्यांपूर्वी आई जाळली होती.

पुढे काहीच गेलं नव्हतं. भीमेला नाही, समुद्राला नाही. आमची सगळी माणसं त्या वळणावर, आमच्या पायाखाली पडून होती आणि आम्ही हसत हसत, रोजावर, त्यांच्या तोंडातलं काढत होतो. मला ती बिस्किटं आठवली. मी पाण्यातच ओकले. एक बाई कानावर हात ठेवून उभी राहिली, कुणी काही बोलत नसताना.

कारकून बामणाचा होता, त्याला सांगावं लागलं नाही. तो घाईघाईने साहेबाशी बोलला. साहेब आधी लाल झाला, मग पांढरा. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने तंबूतून एक कागदाची पुडी आणली आणि खडकावर उलगडून आमच्यासमोर ठेवली. आठ दिवसांचं सगळं त्यात होतं. आत्याचा मणीही त्याने त्यातच ठेवला.

"ज्याचं त्याने घ्यावं, असं म्हणतात साहेब," कारकून खाली बघत म्हणाला.

मी पुढे झाले. मुगाएवढे गोळे आता तीन होते. एक मी दिलेला, पण कुठला? मी वाकून पाहिलं, बोटाने हलवून पाहिलं. तिन्ही सारखे. एक आईचा असेल, कदाचित एकही नसेल. माझा हात तिथेच अडला. आत्याने माझं मनगट धरलं.

"नगं पोरी. दुसऱ्याच्या आईचं उचलशील."

साहेबाने काही विचारलं. कारकून म्हणाला, "तुम्हाला नको आहे का, विचारतात."

आठ बायका, गावात भांडणाला एकेक सवाई, आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. साहेब थांबला, चांगला थांबला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुडीची घडी घातली आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. आम्ही ते त्याला दिलं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांनी ताटावरून हात उचलला आणि ते भिंतीकडे तोंड करून निजले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चुलीत फुंकर घालताना मला सुचलं, काय म्हणायला हवं होतं ते. फक्त एवढंच, की परत पाण्यात सोडा. अडाणी माणसालाही सुचावं असं. फुंकणी टाकून मी नदीकडे पळत सुटले. वळणावर तंबूंच्या खुंट्यांची भोकं होती, चुलीची गरम राख होती आणि मोटारीच्या चाकांच्या खुणा थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. त्या खुणांवरून मी चालत राहिले, सडकेपर्यंत. तिथे उभी राहून मी ते मोठ्याने म्हटलं.