सुडाचं कारण सापडेना

मुलीच्या घरून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला आणि मी तो खरा मानला. सबंध डोंबिवलीत असा माणूस मी एकटाच असेन. मुलगी आमच्याच हौशी नाटकमंडळीतली. स्थळ मावशीने सुचवलं होतं, बघण्याचा कार्यक्रमही रीतसर झाला होता.

त्याच साली आम्ही एक शोकांतिका बसवत होतो. ती नायिका. मी तिने झिडकारलेला सरदार, जो अपमान गिळतो आणि शेवटी नायकाच्या पेल्यात विष कालवतो. तालमी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका शाळेत. दिग्दर्शक बँकेतून थेट यायचे, टायसकट, आणि रोज मला धरायचे.

"अरे, याला एवढा राग कशाचा? ती मिळाली नाही याचा, दुसऱ्याला मिळाली याचा, की चारचौघांत हसं झालं त्याचा? शोध!"

मला काही सापडेना. माझ्या मते मला कुणी झिडकारलंच नव्हतं. मध्ये फक्त शनी आला होता. मी विष कालवताना चहात साखर ढवळल्यासारखा दिसतो, असं सगळे म्हणायचे.

शेवटी दोन्ही पत्रिका घेऊन टेंभी नाक्याजवळच्या एका ज्योतिषांकडे गेलो. ते म्हणाले, "उत्तम जुळतेय. खुशाल करा." तिथून तालमीला मी जवळजवळ पळतच आलो. चहाच्या सुट्टीत तिला गाठलं आणि पेढे वाटावेत तशी बातमी दिली.

ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, तुमची पत्रिका आम्ही कुणाला दाखवलीच नाही. बाबांना तोंडावर नाही म्हणवेना."

"मग नाही कोण म्हणालं?"

"मी."

तेवढ्यात दिग्दर्शकांनी टाळी वाजवली. विषाचा प्रवेश. म्हटलं, आता तरी येईल, हक्काचा राग! पेला उचलला, तिच्याकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती, अगदी नेहमीसारखी. मला विषाची पुडी सोडवेना. भर प्रवेशात मी चक्क मुसमुसायला लागलो.

दिग्दर्शक धावत आले. "काय झालं रे?"

"सर, राग येत नाहीये. रडूच येतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आमच्या मंडळीत कुणाचं काही लपत नसे.

"बरं झालं हिने नाही म्हटलं," ते म्हणाले. "मी हिचा बाप असतो ना, तर तुला पोह्यांनासुद्धा बोलावलं नसतं."