उघड्या झाकणावरचा कापूर

घरात कोणी कापूर लावला की मी उठून बाहेर जाते. आईला वाटतं, जास्त शिकून हिचं डोकं फिरलंय. फिरलंय खरं, पण शिकून नाही.

पीएचडीची पाच वर्षं मी निओबियम धातूचे पातळ थर बनवत होते. स्टीलची एक पेटी, तिच्यातली हवा पंपाने ओढून काढायची आणि आत सिलिकॉनच्या तुकड्यावर थर बसवायचा. मग तो द्रव हेलियममध्ये थंड करायचा. थर चांगला असेल तर त्याचा वीजरोध एकदम शून्यावर येतो. पेटीत जरा कुठे घाण गेली की संपलं.

ही पेटी काका सांभाळत. काका म्हणजे आमचे टेक्निशियन, लालबागचे, वडील गिरणीत मागावर. खंडेनवमीला ते पेटीला बाहेरूनच झेंडूची माळ घालत, हळदकुंकू लांब कागदावर ठेवत आणि कापूर तर चक्क बाहेर जिन्यात लावत. "आत कायपण जाता कामा नये," एवढंच त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं, पण पद्धत चोख होती.

त्या वर्षी सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, संस्थेच्या पत्रिकेसाठी पूजेचा फोटो हवा होता. खोलीत आम्ही तिघंच. काका म्हणाले, "साहेब, झाकण नको उघडूया. बाहेरनंच करू."

"अहो, आतलं चकाकतं, तेच तर दिसायला पाहिजे!" म्हणत सरांनी झाकण उघडायला लावलं, कापूर स्वतःच्या हातात घेतला आणि पेटीवरून ओवाळला. धूर आत गेला. सरांचा आणि बाजूला उभ्या काकांचा फोटो मी काढला, माझ्याच मोबाइलवर.

पुढे दोन महिने एकही थर शून्यावर आला नाही. पेटी खोलली तर आत काजळी. सर सहज बोलल्यासारखं मला म्हणाले, "तो फोटो पत्रिकेला नको पाठवूस आता." आणि मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं, की टेक्निशियनने पूजेच्या नावाखाली यंत्राची वाट लावली. शांतपणे! समोरचा पाण्याचा जग उचलून आपटावासा वाटला मला. काका माझ्याकडे बघत होते. माझ्या थिसिसवर सरांची सही व्हायची होती. मी वहीत डोकं घालून बसले.

काकांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, ते त्यांनी खोकी लावण्यात काढलं. मी परळला घरी येऊन भांडी आपटायचे, आईवर विनाकारण ओरडायचे. सरांना शिव्याही घालायचे, पण मोरीत, नळ सोडून.

पेटी साफ झाली, थर शून्यावर आले, सहीही झाली. काकांच्या शेवटच्या दिवशी मी पेढे घेऊन स्टोअरमध्ये गेले. म्हटलं, थिसिसच्या आभारात तुमचंही नाव घातलंय.

"बेस झालं," ते म्हणाले. पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला. "एक काम कर गो. खंडेनवमीचा तो फोटो पाठव मला. मशीनबरोबर माझा तेवढा एकच आहे."

"शोधते, काका," मी म्हणाले.

तो फोटो मी त्या मीटिंगला जाताना, काका कापूर लावत त्याच जिन्यात उभं राहून डिलीट केला होता. डिलीट कर, असं मला कोणीही सांगितलं नव्हतं.