माउली आधी स्वयंपाकघरात

आपल्या दोन गुडघ्यांवर आमच्या भिंतीपलीकडच्या मावशीइतकी कडक नजर ठेवणारी बाई अख्ख्या मुंबईत झाली नसेल. गिरगावच्या एकाच वाडीत आम्ही राहत होतो. ती रोमन कॅथलिक, मी प्रॉटेस्टंट आणि मिशनच्या शाळेत मास्तर. नात्याने ती माझी कुणी नव्हती, पण माझ्या मुलीचा पहिला दात तिलाच आधी दिसला, म्हणून मावशी. तिच्या बाहेरच्या खोलीत मेजावर येशूच्या आईची, मरियेची लाकडी मूर्ती होती. तिला ती माउली म्हणे.

मान देण्यात मावशीचा हात सैल होता. माउलीपुढे मेणबत्ती, संतांच्या तसबिरींना फुलं; वारलेल्या नवऱ्याची टोपी खुंटीला होती, तिच्यापुढेही मान लववून, "बाजारात जाऊन येते," असं सांगून निघायची. गुडघा मात्र फक्त देवाचा. माउलीशी ती उभ्यानेच बोले, सासूशी बोलावं तशी, थोडं अदबीने, थोडं कुरकुरत. मेजाखालचा केर काढताना चुकून गुडघा टेकेल, म्हणून आधी माउलीला स्वयंपाकघरात सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवायची, मग केर. मी एकदा हसलो.

"मास्तर, तुमी मोठ्या सायबाला सलाम करता, म्हणून काय त्याची पूजा करता? मान येगला, पूजा येगली."

मला पटलं होतं. तरीही रविवारच्या शाळेत मी मुलांना सांगत राहिलो, की आमच्या शेजारी मूर्ती पुजतात. मुलं हसत आणि मला ते आवडे. मावशीच्या कानावर हे गेलं, त्या दिवशीही तिने वाटीभर कालवण पाठवलं. ते मी खाल्लं.

मग गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली आणि माझी मुलगी तापली. भर दुपारी बायकोने मला मावशीला बोलवायला पिटाळलं. मावशी विहिरीवर गेली होती. खोलीत मी आणि माउली. गुडघे केव्हा टेकले कळलं नाही. मी ते लाकडी पाय धरले आणि म्हणालो, "तूच वाचव. तुझ्याशिवाय मला कुणी नाही."

"उठा मास्तर." मावशी दारात, कमरेवर हंडा. "ही पूजा झाली. ती आपल्यासाठी शबूद टाकेल. देणारा दुसरा."

मला उठवेना. तिने हंडा ठेवला, माउलीला काखेत घेतलं, स्वयंपाकघरात ठेवून आली आणि रिकाम्या मेजापुढे माझ्या शेजारी गुडघे टेकले. ते कडकड वाजले. "आता मागा," ती म्हणाली.

मुलगी वाचली. पुढच्या रविवारी मी मुलांपुढे उभा राहून सांगितलं, की आमच्या शेजारी मूर्ती पुजणारा एकच माणूस सापडला, आणि तो मी. कुणी हसलं नाही. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. जेवलात?"

दोन पावसाळ्यांनी ती गेली. जाताना माउली माझ्या हवाली केली; आता ती आमच्या मेजावर असते. आमच्या चर्चचे पाळक घरी आले की मेजाकडे बघून घसा खाकरतात. खाकरोत. मी ती हलवणार नाही. हलवतो ती फक्त शनिवारी, केर काढताना. आधी तिला स्वयंपाकघरात बोंबलांशेजारी ठेवतो, मग गुडघे टेकतो. केर लवकर निघतो. उठायला मात्र हल्ली वेळ लागतो.